किंग क्रिम्झन १९७२–७४: लाइव्ह रेकॉर्डिंग्ज काही महिने ऐकल्यावर

गिटारवादक रॉबर्ट फ्रिपच्या किंग क्रिम्झन या ब्रिटिश रॉक बँडच्या या काळातल्या मैफली आता डीजीएम लाइव्ह या बँडच्या डाउनलोड साइटवर आणि जाडजूड बॉक्स सेटमध्ये ढिगानं मिळतात. घेताना लोक तारीख आणि गाण्यांची यादी बघतात. बघायचं असतं ते वेगळंच: टेप आली कुठून?

मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर) असेल तर डोळे झाकून घ्या. ॲस्बरी पार्क (२८ जून १९७४) आणि प्रॉव्हिडन्स (३० जून १९७४) ही त्यातली सरस. १९७५ च्या 'यूएसए' अल्बममध्ये बहुतांश ॲस्बरी पार्कच आहे, पण 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' या रचनेच्या दुसऱ्या भागात ऐकू येणारं व्हायोलिन डेव्हिड क्रॉसचं नाही; एडी जॉब्सननं ते नंतर स्टुडिओत वाजवलंय. मूळ मैफल ऐकली की क्रॉस त्या गदारोळात कसा दबून जातोय ते कळतं. जॉन वेटनचा बास इतका दांडगा आहे, की व्हायोलिनला जागाच उरत नाही.

मिक्सरवरून थेट कॅसेटवर घेतलेली रेकॉर्डिंग्ज फसवी. आवाज जवळचा आणि स्वच्छ, पण तोल बिघडलेला. छोट्या हॉलमध्ये गिटार ॲम्प आणि ड्रम्स मुळातच एवढे मोठे वाजतात, की मिक्सरवर ते कमीच घेतलेले असतात. मग टेपवर गायन पुढे आणि ड्रमर बिल ब्रुफर्ड शेजारच्या खोलीत! याआधीच्या संचाचा 'अर्थबाउंड' (१९७२) असाच कॅसेटवरचा; त्यातला फाटका आवाज इक्वलायझरनं सुधारत नाही, प्रयत्नही करू नका.

प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंग्ज शेवटी घ्यावीत, पण टाळू नयेत. फ्रँकफर्टच्या झूम क्लबमधली ऑक्टोबर १९७२ ची टेप गढूळ आहे. तरी तालवादक जेमी म्यूर असलेला संच, आणि चाळीस मिनिटांहून लांब चाललेलं उत्स्फूर्त वादन! म्यूर फेब्रुवारी १९७३ मध्ये बाहेर पडला, त्यामुळे दुसरा मालच फारसा नाही. इक्वलायझरनं २५० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी केलं की गढूळपणा बराच उतरतो. १० किलोहर्ट्झच्या वर वाढवलं तर वाढते फक्त खरखर. डावा-उजवा एकत्र करून मोनो करू नका: टेपचं हेड किंचित तिरकं असेल तर दोन्ही बाजूंमध्ये सूक्ष्म वेळेचा फरक पडतो आणि बेरजेत वरचे स्वर खाल्ले जातात. त्यापेक्षा बरी असलेली एकच बाजू दोन्हीकडे द्या.

चाहत्यांमध्ये फिरणाऱ्या जुन्या प्रतींत वेगाची गडबड हमखास. सुमारे ६ टक्के वेग वाढला की सगळं एक पट्टी वर: पांढरी एकचं काळी एक. मेलोट्रॉनवरून (टेपवर चालणारं कीबोर्ड वाद्य) पट्टी ठरवायला जाऊ नका. त्यात प्रत्येक कळीखाली जेमतेम आठ सेकंदांची टेप, सगळ्यांना मिळून एक मोटर. जास्त कळी एकदम दाबल्या की सूर घसरतो. स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात) विजेची घरघर शोधा. अमेरिकेतल्या मैफलीत ती ६० हर्ट्झवर हवी, ६१.८ वर दिसली तर टेप ३ टक्के वेगात आहे, वेग १.०३ नं भागा. मात्र ५० वर अगदी सरळ रेघ दिसली तर ती बहुधा नंतर आपल्यासारख्या ५० हर्ट्झच्या देशात कॉपी करताना शिरलेली. तिच्यावर विसंबू नका.

डाउनलोड फ्लॅकच (आवाजातलं काहीच न गाळणारी फाइल) घ्या. दीड तासाची मैफल साधारण ५०० एमबी होते. एमपी३ मध्ये दर ट्रॅकच्या टोकाला बारीक खंड पडतो, आणि इथे वादन एका गाण्यातून थेट दुसऱ्यात जातं. फ्लॅक असूनही १६ किलोहर्ट्झवर सुरीनं कापल्यासारखी रेघ दिसली तर कुणीतरी एमपी३ चंच फ्लॅक केलंय. कॅसेटचे वरचे स्वर उतरतात ते हळूहळू.

पैशांच्या बाबतीत एक तक्रार आहेच. प्रॉव्हिडन्सची मैफल 'द ग्रेट डिसीव्हर' (१९९२, ४ सीडी) मध्ये आहे आणि 'द रोड टू रेड' (२०१३, २४ डिस्क) मध्येही. पहिला संच घरात असेल तर दुसरा घेण्याआधी तारखा जुळवून पाहा. हव्या त्या दोन-तीन मैफली डीजीएम लाइव्हवर सुट्या मिळत असतील तर बॉक्सचा खर्च वाचतो.