थाई लिंबू-चहाची पत्ती: उन्हाळाभर वापरल्यानंतर

म्हापशाच्या बाजारातील एका दुकानातून आणलेली थाई चहाची पत्ती मी उन्हाळाभर वापरली आणि दुधाऐवजी लिंबू घालून केल्या जाणाऱ्या ‘चा मनाव’ या थंड चहासाठी ती मला मनापासून आवडली. २ मोठे चमचे पत्ती २५० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवून मी चहा गाळते आणि तो गरम असतानाच ३ चमचे साखर विरघळवते, कारण गार चहात ती तळाशीच बसून राहते. अर्क मुद्दाम कडक ठेवावा लागतो; पेलाभर बर्फ वितळू लागला की तो आपोआप बेताचा होतो. लिंबाचा रस मात्र चहा निवल्यावरच घालावा, म्हणजे त्याचा ताजा वास टिकतो. आम्लामुळे चहाचा गडद तांबूस रंग क्षणात उजळतो, तो पाहणे फार सुखद वाटते. पत्ती अतिशय बारीक असल्याने साध्या गाळणीतून गाळ उतरतो, त्यामुळे सुती कापड लागतेच. वेष्टनावरील कृत्रिम रंगाची नोंद मला खटकली. तरीही, दमट दुपारी आमच्या घरी कोकम सरबताइतक्याच आवडीने आता हा चहा मागितला जातो.