थर्टी-ऑट-सिक्समध्ये तांब्याची गोळी: पाच महिन्यांनंतर

थर्टी-ऑट-सिक्स (.30-06) म्हणजे माझ्या रायफलीच्या काडतुसाची जात. आधीच सांगून टाकतो, हे सगळं अमेरिकेतल्या कोलोरॅडोतलं आहे, रीतसर परवाना काढून केलेल्या एल्कच्या शिकारीतलं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषयच मिटला. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समजा. मादीच सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते.

गेल्या वर्षी मी साधी 180 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी वापरली होती, आत शिसं आणि वर तांब्याचं पातळ कवच. जड गोळी म्हणजे मोठा घाव, एवढंच माझं गणित. ती खांद्याच्या हाडावर बसली आणि कवच एकीकडे, शिसं दुसरीकडे. दुसरी गोळी घालावी लागली आणि फऱ्यातलं निम्मं मांस वाया गेलं. पण खरा झटका घरी बसला. खिमा खाताना बायकोच्या दाताखाली शिशाचा कण आला. ते मांस पुन्हा मुलीच्या ताटात गेलं नाही.

दुखणं जुनंच आहे. 1946 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याच्या गोळ्या एका मूसवर (हरणांतला सर्वांत मोठा) फसल्या, म्हणून त्यानं मध्ये भिंत असलेली 'पार्टिशन' गोळी काढली. भिंतीपुढचा भाग फुटतो, मागचा तसाच खोल घुसतो. गोळी नामी, पण पुढचं शिसं मांसातच सांडतं. आमच्या घरात ती बाद.

राहिली निखळ तांब्याची. हिचं टोक पोकळ असतं. आत शिरल्यावर पाकळ्या उलगडून मागे वळतात आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिसं बंदच आहे. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही. गोळी फुलणारी हवी आणि एल्कसाठी निदान 85 ग्रेनची.

जूनमध्ये रेंजवर मात्र तोंडचं पाणी पळालं. तांब्यातल्या 180 ग्रेनच्या गोळ्यांची भोकं 100 यार्डांवरच्या निशाणावर तीन इंचांत विखुरली! तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी जास्त लांब होते. माझ्या रायफलीच्या जुन्या नळीला ती लांबी मानवली नसावी. शिवाय नळीत आधीच्या गोळ्यांचं तांबं साचलेलं. द्रावण लावून चिंध्या फिरवत बसलो, निळ्याच्या पांढऱ्या व्हायला दोन संध्याकाळी गेल्या. मग 150 ग्रेनची भरली आणि पाच गोळ्या सव्वा इंचात. 'हलकी' म्हणून हिला मी दुकानात हातही लावला नव्हता.

ऑक्टोबरात एक मादी मिळाली, 210 यार्डांवर, आडवी उभी. गोळी खांद्यामागून फासळ्यांतून आरपार गेली. मादी चाळीसेक पावलं चालली आणि खाली बसली. मांस कापताना धातूचा कण दिसला नाही, फऱ्याही अख्खाच्या अख्खा मिळाला.

तक्रारी आहेत. किंमत साध्या डब्याच्या जवळपास दुप्पट. बर्फावर रक्ताचा माग फारच बारीक होता. झाडी दाट असती तर शोधताना दमछाक झाली असती. आणि वेग फार उतरला की पाकळ्या नीट उघडत नाहीत, म्हणून 300 यार्डांपलीकडे मी चाप ओढत नाही. लांबून मारायची हौस असलेल्यांनी दुसरं काही बघावं.

डब्यात 9 काडतुसं उरलीत. लॉट नंबर लिहून ठेवलाय. त्याच लॉटचा माल दिसला तर दोन डबे उचलणार.