पंखा, भोंगा की मोटार? ज्वारीवरची पाखरं हाकलताना

ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस बाहेर पडायला आलं, की मला फोन यायला लागतात. राखणीला माणूस मिळत नाही, पोरं पुण्याला, यंत्र घ्यायचं म्हणतोय, कोणतं घेऊ? तोंडी सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

माझं रान मंगळवेढ्याच्या शिवारात, साडेतीन एकर, काळं, जिरायत, सगळी मालदांडी ज्वारी. मागच्या चार हंगामांत वाऱ्यावर फिरणारा पंखा, आवाज भरलेला भोंगा आणि बॅटरीच्या मोटारीवरचा खडखडा असे तिन्ही प्रकार मी याच रानात लावून पाहिले. तुमचं रान वेगळं, पाखरं वेगळी, तेव्हा माझं बोलणं जसंच्या तसं घेऊ नका. पण यंत्राची किंमत आणि आवाज बघण्याआधी तुमच्याकडे पाखरं किती वाजता उतरतात ते बघा, एवढं मात्र ठामपणे सांगेन.

आमच्याकडे जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास वर येतो. पाखरं त्याच्या जरा आधीच ओढ्याकडच्या बाभळींवरून सुटतात आणि पहिले दोन-अडीच तास खरी झोड असते. ऊन चढलं की ती सावलीला, पाण्याला जातात. चारच्या पुढे परत येतात ती दिवस मावळेपर्यंत. दाणा चिकात आल्यापासून टणक होईपर्यंतचे तीन-चार आठवडे रोज हेच. चिमण्या आणि मुनिया दाणा चिमटून चीक पितात, मागे नुसतं फोलपट राहतं. राघू कणसाचा शेंडा कुरतडून खाली टाकतात, त्यांचं खाणं थोडं आणि नासाडी जास्त. भोरड्या आल्या तर शेकड्यांनी येतात. तिकडे मध्य आशियाकडून थंडीला आलेली ही पाखरं नाकतोडे आणि अळ्याही वेचतात, म्हणून त्यांचा मला राग येत नाही. पण थवा कणसांवर बसला की अर्ध्या तासात एखादा वाफा हलका करून जातो.

पंखा मला सगळ्यात आधी आवडला होता. वेल्डिंगवाल्याने बाराशे रुपयांत करून दिला. पत्र्याची सहा पाती, मागे शेपूट, आसाच्या दुसऱ्या टोकाला साखळीत ओवलेले दोन नट आणि त्यांच्यासमोर जुनी स्टीलची थाळी. वारा आला की पाती फिरतात आणि नट थाळीवर बडवतात. बॅटरी नाही, तेल नाही, खर्च एकदाच. बसवला त्या दिवशी दुपारी असा दणाणला की शेजारच्या बांधावरची दोन माणसं बघायला आली. मी त्याच दिवशी दुसऱ्याची ऑर्डर देऊन टाकली.

आठवड्याने सकाळी लवकर रानात गेलो. पौषातली थंडी, कणसांवर दव, एक पान हलत नव्हतं. पंखा उभा होता तसा उभा. खालच्या पात्याच्या टोकाला दवाचा थेंब लोंबत होता, दोन पात्यांच्या मधे कोळ्याने रात्रीत जाळं विणलं होतं आणि वरच्या पात्यावर एक साळुंकी बसून पंख साफ करत होती. तिच्या खाली, हात-दीड हातावर, मुनियांचा घोळका कणसांवर होता. मी "हो हो" करून हाकललं, त्या उठल्या आणि चार सरी पलीकडे जाऊन बसल्या. पंखा साडेदहाला फिरायला लागला. तोवर पाखरं पोट भरून बाभळीत गेली होती आणि थाळी रिकाम्या रानावर दिवसभर वाजत राहिली.

पुढचे दहा-बारा दिवस मी मुद्दाम पहाटे जाऊन बसलो. दोन सकाळी सोडल्या तर तेच. थंडीच्या दिवसांत आमच्या सपाटीवर सकाळ निवांत असते, वारा सुटतो तो ऊन तापल्यावर. म्हणजे पाखरांची वेळ आणि वाऱ्याची वेळ जुळतच नाही. वर एखाद्या रात्री वारा उठला की थाळी मध्यरात्री वाजायची. वस्तीवर आईची झोप मोडायची आणि मी उठून, टॉर्च घेऊन, साखळी बांधून यायचो. पंख्याच्या बनावटीत दोष नव्हता, वेल्डिंगवाल्याचं काम चोख होतं. पण ज्या अडीच तासांसाठी यंत्र आणलं त्याच अडीच तासांत ते गप्प, हे मला पुढे सहन झालं नाही. निवड त्यावरच ठरली.

ज्यांचं रान खिंडीच्या तोंडाशी किंवा पठारावर आहे, जिथे पहाटेपासून वारा खेळतो, त्यांना पंखा छान पडेल. त्यांनी मोटारीच्या भानगडीत पडू नये. फक्त घेण्याआधी आठवडाभर सकाळी सातला बांधावर एका काठीला ज्वारीचं सुकं पान बांधून बघा. हललं तर पंखा घ्या. तांबड्या-चंदेरी चकचकीत पट्टीलाही हीच परीक्षा लावा. वाऱ्यात ती चमकते आणि घूंऽ असा आवाजही करते, नुसत्या थंड हवेत मात्र दोरीसारखी पडून राहते. मी पट्टी पहिल्या वर्षी बांधली होती, आता फक्त रस्त्याकडच्या कडेला बांधतो.

भोंग्याची गोष्ट वेगळी. भाजीवाले, भंगारवाले गाडीवर लावतात तोच. आपला आवाज भरायचा, चार्ज करायचा, बांबूला टांगायचा. पहिले तीन दिवस मला वाटलं प्रश्नच मिटला. आईचा "हाऽऽ हुर्र" असा आवाज भरला होता, राखणीच्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, उभी राहून गोफण फिरवताना ती द्यायची तस्साच. पाखरं बांधावरूनच माघारी वळायची. चौथ्या दिवसापासून ती उठायची पण लांब जायची नाहीत. सातव्या-आठव्या दिवशी चिमण्या भोंग्याच्याच बांबूवर बसलेल्या पाहिल्या. तोच सूर, त्याच जागेवरून, न थांबता. पाखरू चार दिवसांत ओळखतं की या आवाजामागे माणूसही नाही आणि गोफणीचा गुंडाही नाही.

यावर उपाय आहेत. तीन-चार वेगवेगळे आवाज भरायचे, मधे शांततेचे तुकडे ठेवायचे, जागा बदलायची. हे केलं तर भोंगा बराच टिकतो, मी दुसऱ्या वर्षी करून पाहिलं. पण शेजारच्या वस्तीवरची मुलगी दहावीला होती. तिच्या वडिलांनी फार संकोचाने सांगितलं, "दादा, सकाळी तेवढं पोरीला वाचायला जमत नाही." पाखरांची वेळ आणि तिच्या अभ्यासाची वेळ एकच. मी त्या दिवशी भोंगा उतरवला. हुरड्यासाठी अर्धा एकर गुळभेंडी किंवा सुरती असेल, घराजवळ असेल आणि शेजार लांब असेल, तर भोंगा पुरेसा आहे, त्याहून जास्त खर्च करू नका.

आता मोटार. गाडीच्या काचेच्या वायपरची जुनी मोटार, १२ व्होल्टची, भंगारात सहज मिळते. तिला गियर असतो म्हणून ती हळू पण ताकदीने फिरते, जे इथे हवंच आहे. तिच्या आसाला दोन हात लावायचे. एका हाताला साखळी, ती फिरताना मधे उभ्या केलेल्या पत्र्याच्या डब्यावर आपटते. दुसऱ्या हाताला मी काळ्या प्लास्टिकचा घारीच्या पंखांसारखा तुकडा बांधलाय. बॅटरी फवारणी पंपाची, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची, बहुतेकांच्या घरात असतेच. आणि एक टायमर, जो एक मिनिट चालू आणि चार मिनिटं बंद ठेवतो.

टायमरला पैसे घालायला लोक कचरतात, मीही आधी कचरलो होतो. पण खरं काम त्या चार मिनिटांच्या शांततेतच होतं. पाखरू उतरतं, कणसावर स्थिरावतं, चोच घालतं आणि तेवढ्यात डोक्यावर काळं काहीतरी फिरून डबा दणाणतो. सतत वाजणाऱ्या आवाजाला ते सरावतं, या मधूनच उठणाऱ्या आवाजाला फार सावकाश सरावतं. मीटर लावून मी काही मोजलेलं नाही. पण ज्या वर्षी दोन मोटारी लावल्या त्या वर्षी मळणीच्या वेळी खळ्यावर रिकामी कणसं शोधावी लागली. पंख्याच्या वर्षी ती ओढ्याकडच्या प्रत्येक पेंढीत होती. पाऊसमान दोन्ही वर्षी सारखं नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

बॅटरीचा हिशेब सरळ आहे. सकाळी पावणेसात ते पावणेदहा, संध्याकाळी पावणेचार ते सव्वासहा, मधे बंद, रात्री बंद. असं चालवलं तर माझी बॅटरी दोन दिवस जाते, तिसऱ्या दिवशी चार्जिंगला लावतो. सौर पॅनेल लावलं तर तेवढीही ये-जा वाचेल, पण रानातून पॅनेल चोरीला गेल्याच्या गोष्टी ऐकून मी लावलेलं नाही. बॅटरी मी संध्याकाळी घरी आणतो.

त्रास मोटारीलाही आहेत. वायपर मोटारीला चार-पाच वायरी असतात, त्यातली हळू वेगाची जोडायची. जोरात फिरवली की साखळी गुंडाळते आणि डब्याला लागतच नाही. आतला गियर बहुतेक वेळा नायलॉनचा. पहिल्या वर्षी मी हात चार-चार फुटांचे ठेवले होते, लांबून दिसावेत म्हणून. वाऱ्याने वाकलेलं ज्वारीचं एक ताट यंत्राच्या हातात अडकलं, मोटार अडून जोर करत राहिली आणि गियरचे दात गेले. आता हात दोन फुटांचे आहेत. इंग्लंडमध्ये हेच यंत्र उलट्या कामाला वापरतात. लांब हातांच्या टोकांना मेलेली कबुतरं बांधून फिरवतात, म्हणजे वरून जाणाऱ्या रानकबुतरांना खाली थवा उतरतोय असं वाटतं आणि ती बंदुकीच्या टप्प्यात येतात. त्यांना दुरून बोलवायचं असतं म्हणून हात लांब लागतात. आपल्याला पाखरू जवळ आल्यावर दचकवायचंय, दोन फूट भरपूर झाले.

उंचीचं मात्र आळस न करता बघा. मालदांडी चांगली पिकली तर माणसाच्या डोक्यावर जाते. यंत्र कणसांच्या वर निदान तीन फूट दिसलं पाहिजे. बांबूवर ते झोके खातं आणि बोल्ट ढिले होतात, म्हणून लोखंडी पाइप घ्या. मी रानात पाच ठिकाणी जाडसर पाइपाचे हातभर तुकडे कायमचे पुरून ठेवलेत. दर तीन दिवसांनी यंत्राचा पाइप एकातून काढून दुसऱ्यात बसवतो, दहा मिनिटांचं काम. जागा बदलली नाही तर मोटारही महिनाभरात भोंग्यासारखीच निकामी होईल असं मला वाटतं.

जाळीबद्दल विचारतात. द्राक्षाला, डाळिंबाला, हुरड्याच्या लहान तुकड्याला जाळी हाच पक्का उपाय आहे, त्यात वाद नाही. साडेतीन एकर ज्वारीवर ती परवडत नाही. शिवाय जाळीत अडकून तडफडणारा राघू मी एकदा कात्रीने सोडवलाय, त्याने माझं बोट फोडलं आणि तरी मला त्याचंच वाईट वाटलं. राघूला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. आपल्याला त्याला फक्त शेजारच्या बाभळीत पाठवायचंय.

कार्बाइडची नळीची बंदूक कुणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे याच नळ्यांनी किती मुलांच्या डोळ्यांना इजा झाली ते सगळ्यांनी वाचलंय. चार पायली ज्वारीसाठी घरात ती वस्तू नको.

तेव्हा सपाट रान, दोन एकरांच्या वर ज्वारी आणि सकाळी वारा नाही, अशी स्थिती असेल तर मी मोटारीकडे झुकेन. वेल्डिंग, पाइप, टायमर धरून मला एक यंत्र अडीच हजारांच्या आत पडलं, बॅटरी घरची. राखणीला माणूस मिळालाच तर रोजाचे चारशे, महिन्याचे बारा हजार होतात. माझ्या अंदाजाने दीड-दोन एकरांना एक यंत्र पुरतं. दोन लावलीत तर दोघांचे टायमर एकाच वेळी वाजणार नाहीत असे ठेवा. लावायचं ते फुलोरा संपताना, दाण्यात चीक येण्याआधी. एकदा पाखरांना त्या रानाची गोडी लागली की मग कोणतंही यंत्र त्यांना लवकर उठवत नाही.

भोरड्यांपुढे मात्र तिन्ही अपुरी. थवा उतरला की मोटारीच्या आवाजाने तो उठतो, एक फेरी घेतो आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला बसतो. तेव्हा मी गोफण घेऊन जातो, मातीचे वाळलेले गुंडे खिशात टाकून. थव्यावर मारायचं नाही, त्याच्या पुढे, उडायच्या वाटेवर टाकायचा, म्हणजे सगळा थवा एकदम वळतो. आईने शिकवलेलं आहे. तिचा नेम अजून माझ्यापेक्षा चांगला आहे, पण माळ्यावर चढणं आता तिला जमत नाही. ती वस्तीच्या कट्ट्यावर बसून डब्याचे ठोके ऐकते आणि एखादी पाळी चुकली तर मला हाक मारून सांगते, ओढ्याकडची मोटार बंद पडली वाटतं, जाऊन बघ.