जाणिवेचं कोडं: भ्रमवाद की सर्वचेतनावाद?

मेंदूतल्या घडामोडींसोबत अनुभव का येतो, हा 'अवघड प्रश्न' तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये या नावानं मांडला. त्यावरच्या दोन टोकाच्या उत्तरांमध्ये आजही जोरदार वाद आहे.

तत्त्वज्ञ कीथ फ्रँकिश यांच्या भ्रमवादाचं म्हणणं असं: दाढ दुखते, माणूस कळवळतो, हे सगळं खरं, पण ठणक्याचा तो खास, शब्दांत न मावणारा आतला गुण हा मेंदूनं स्वतःबद्दल करून घेतलेला समज आहे. विज्ञानाची चौकट शाबूत राहते, ही मोठी जमेची बाजू. पण ठणका भासतो, तर ते भासणं हाच अनुभव नव्हे का? भासणं म्हणजे मेंदूनं तसं ठरवणं, हे त्यांचं उत्तर मला काही केल्या पटत नाही.

सर्वचेतनावाद म्हणजे जाणीव सगळ्या पदार्थाच्या मुळाशीच असते, हे मत. ते मांडणारे तत्त्वज्ञ फिलिप गॉफ म्हणतात, भौतिकशास्त्र इलेक्ट्रॉन काय करतो ते सांगतं. तो मुळात काय आहे ते सांगत नाही. तिथे जाणिवेचा अतिसूक्ष्म अंश असू शकतो. मात्र असे असंख्य अंश मिळून एकच 'मी' कसा होतो? मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच दाखवलेली ही अडचण अजून सुटलेली नाही.

तरी माझा कल इकडेच. ठणक्याचा ठणकेपणाच नाकारण्यापेक्षा जुळणीचं कोडं सोडवत बसणं परवडलं.