पहाट होते आणि गोष्ट थांबते : हुसेन हद्दावी यांचा ‘अरेबियन नाइट्स’

आपल्याकडे ‘सुरस आणि चमत्कारिक’ म्हणून या गोष्टी एकोणिसाव्या शतकात आल्या त्या इंग्रजीच्या वाटेने, आणि त्या इंग्रजीमागेही कुणाची ना कुणाची कात्री किंवा भर होतीच. म्हणूनच बगदादमध्ये जन्मलेल्या हुसेन हद्दावी यांनी थेट अरबीतून केलेला आणि १९९० साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद मला मोलाचा वाटतो. मुहसिन महदी यांनी सीरियातील सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितावरून १९८४ मध्ये सिद्ध केलेली संहिता त्याला आधारभूत आहे.

या आवृत्तीत रात्री आहेत २७१, हजार नव्हेत. अल्लादीन आणि अलीबाबा येथे भेटत नाहीत, कारण त्या हस्तलिखितात ते नाहीतच. त्या कथा अलेप्पोच्या हन्ना दियाब याने १७०९ मध्ये पॅरिसमध्ये या गोष्टींचे फ्रेंच अनुवादक आंत्वान गालाँ यांना तोंडी सांगितल्या होत्या. ज्यांना त्या आणि सिंदबादही हवा आहे, त्यांच्यासाठी हद्दावी यांचा १९९५ चा दुसरा खंड आहे.

मात्र पहिल्या खंडाने जे दिले, ते मला इतर कोणत्याही अनुवादात इतके स्पष्ट जाणवले नव्हते: गोष्ट सांगणे हा येथे जीव वाचवण्याचा व्यवहार आहे. व्यापारी खजूर खाऊन बिया फेकतो, त्या लागून जिनाचा अदृश्य मुलगा मरतो आणि जिन तलवार उगारतो. तेव्हा वाटेने आलेले तीन म्हातारे आपापली हकिगत सांगून त्या व्यापाऱ्याच्या रक्तावरील हक्काचा एकेक तृतीयांश माफ करवून घेतात. हे राजाला ऐकवणारी त्याची नवी राणी शहरजाद स्वतःही त्याच अवस्थेत आहे, कारण हा राजा रोज नवे लग्न करून सकाळी राणीला ठार मारतो, आणि तिच्या निवडीतले धाडस लक्षात आले की अंगावर काटा येतो. कुबड्याच्या कथेत तर खुनाच्या प्रकरणात अडकलेले चौघे राजासमोर एकामागून एक गोष्टी सांगतात, आणि त्यातल्याच एका गोष्टीत, प्रेयसीच्या भेटीसाठी उतावीळ झालेल्या तरुणाची हजामत करायला बसलेला न्हावी बोलणे काही केल्या आवरत नाही. गोष्टीच्या पोटात गोष्ट, तिच्याही पोटात आणखी एक, आणि तरी धागा हातातून सुटत नाही.

प्रत्येक रात्रीच्या शेवटी पहाट होते, शहरजाद गप्प होते, बहीण दिनारजाद गोष्टीचे कौतुक करते आणि उद्याची याहून अद्भुत असेल असे उत्तर मिळते. हे पालुपद हद्दावी यांनी गाळलेले नाही. सलग वाचताना ते काहींना कंटाळवाणे वाटेल; परंतु दमास्कसच्या कहवाखान्यांतला हकवाती, म्हणजे गोष्टी सांगणारा, नायकाला संकटात सोडून उठायचा, तो ऐन मोक्याचा थांबा याच जातीचा आहे. रोज दोन-तीन रात्री एवढ्याच बेताने, शक्यतो मोठ्याने वाचल्या, तर या पालुपदाची गोडी कळते.

अनुवादाचे गद्य साधे, बोलके आणि वेगवान आहे. शृंगार झाकलेला नाही आणि एकोणिसाव्या शतकातले इंग्रज अनुवादक रिचर्ड बर्टन यांच्यासारखी जुनाट शब्दांची आरासही नाही. गद्याच्या मानाने पद्य मात्र फिके पडते. शहरजाद आणि राजाचे पुढे काय झाले, हे सांगणारे मूळ पान या हस्तलिखितात नसल्यामुळे हद्दावी यांनी परंपरेतला शेवट छोट्या टिपणात दिला आहे. मला ते टिपण पुरेसे वाटले. प्रस्तावना आधी वाचावी, कारण आजीच्या घरी बगदादमध्ये ऐकलेल्या गोष्टींची आठवण तिच्यात आहे.