याकुल्ट : पेय म्हणून घ्यावे की औषध म्हणून?

याकुल्ट या जिवंत जिवाणू असलेल्या दुग्धपेयाची लाल झाकणाची ही ६५ मिलिलिटरची बाटली दुकानात दही-ताकाच्या शेजारी मांडलेली असते, पण ती उचलणाऱ्यांपैकी बरेच जण तिच्याकडे औषध म्हणून पाहतात. याकुल्टबद्दल काही निश्चित सांगायचे असेल, तर या दोन भूमिका वेगळ्या करूनच सांगावे लागते, कारण पेय म्हणून ते एका मापाला उतरते आणि औषध म्हणून दुसऱ्याच. चवीपुरते बोलायचे तर ते पातळ केलेल्या पियुषासारखे लागते : आंबटगोड, त्यातही गोडाकडे झुकलेले, गार असताना छान आणि कोमट झाल्यावर अगदीच बेचव. मुलांना ते आवडते, यात नवल नाही.

बाटलीत पाणी, साखर, साय काढलेल्या दुधाची भुकटी, ग्लुकोज आणि स्वादद्रव्ये आहेत, पण किंमत आपण मोजतो ती एका विशिष्ट जिवाणूची. जपानमधील क्योतो येथे डॉ. मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये लॅक्टोबॅसिलस वर्गातला, जठरातील आम्ल आणि पित्तरस या दोहोंतून जिवंत पार होणारा एक वाण निवडून वाढवला. १९३५ मध्ये त्याचे पेय बाजारात आले आणि त्या वाणाला शिरोता यांचेच नाव मिळाले. भारतात विकले जाणारे याकुल्ट हरियाणातील सोनिपत येथे तयार होते आणि एका बाटलीत असे ६५० कोटींहून अधिक जिवंत जिवाणू असल्याचे वेष्टनावर छापलेले असते. आपल्याकडील नियमांनुसार प्रोबायोटिक, म्हणजे उपकारक जिवंत जिवाणू असलेला, म्हणवणाऱ्या पदार्थाच्या दिवसभराच्या मात्रेत साधारणतः किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात, हे लक्षात घेतले तर संख्येच्या बाबतीत येथे कंजुषी नाही. ‘पोटासाठी उत्तम’ एवढेच मोघम लिहून जिवाणूचा वाण न सांगणारी उत्पादने पाहिली, की ही स्पष्टता मला विशेष मोलाची वाटते.

आता गुणाकडे वळू. या जिवाणूची एक मोठी चाचणी भारतातच, कोलकात्याच्या एका झोपडपट्टीत झाली असून तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एक ते पाच वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांपैकी सुमारे निम्म्यांना बारा आठवडे रोज हे पेय आणि उरलेल्यांना जिवाणू नसलेले तसेच पोषक पेय देण्यात आले व त्यानंतरही बारा आठवडे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. जिवाणूविरहित पेय घेणाऱ्या गटात ६७४ मुलांना जुलाब झाले, तर जिवाणूयुक्त पेय घेणाऱ्या गटात ६०८ मुलांना, म्हणजे संरक्षण सुमारे १४ टक्के. हा आकडा खरा आहे आणि लहानही आहे. जिथे दूषित पाण्यामुळे मुले वारंवार आजारी पडतात, तिथे चौदा टक्क्यांनाही अर्थ असतो. पण शुद्ध पाणी पिणाऱ्या, दोन वेळा ताजे जेवणाऱ्या घरातील मुलाला तेवढाच लाभ होईल, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रोबायोटिक उत्पादनांचे आरोग्यविषयक बहुतेक सर्व दावे पुरेशा पुराव्याअभावी अमान्य केले आहेत. गंमत अशी, की त्याच प्राधिकरणाने २०१० मध्ये योगर्टमधील दोन साध्या जिवाणूंचा एक दावा मात्र मान्य केला : ज्यांना दुधातील लॅक्टोज ही साखर पचत नाही, त्यांना ते पचवण्यास हे जिवाणू मदत करतात. त्यांपैकी लॅक्टोबॅसिलस बुल्गारिकस याला २०१२ मध्ये भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून निवडण्यात आले. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत, हे घराघरागणिक बदलते आणि शिरोता वाणासारखे ते आतड्यापर्यंत जिवंत पोहोचतीलच असे नाही. परंतु दुधातील साखरेचा काही भाग ते आधीच संपवतात, आणि प्रथिने व कॅल्शियम वाटीभर दह्यातून या चिमुकल्या बाटलीपेक्षा कितीतरी अधिक मिळतात. रोजच्या आहारासाठी निवड करायची असेल, तर माझे मत निःसंशय दह्याच्या बाजूने आहे.

प्रतिजैविकांचा कोर्स सुरू झाला की ही बाटली आणण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. ही औषधे रोगजंतूंबरोबर आतड्यातील उपकारक जिवाणूंनाही मारतात, आणि पेयातील जिवाणूही त्यांच्या तडाख्यातून सुटतीलच असे नाही. म्हणून दोहोंत काही तासांचे अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. अशा वेळी डॉक्टर पुष्कळदा सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्टची पुडी लिहून देतात, ती उगीच नव्हे : यीस्ट हा जिवाणू नसल्यामुळे जिवाणूंवरील औषधांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. हे यीस्ट १९२० च्या दशकात आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचायनात लिची व मँगोस्टीन या फळांवरून मिळवले. तेव्हा औषधाचे काम औषधावर सोपवावे, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने वा उपचारांनी क्षीण झाली आहे, त्यांनी पुडी काय किंवा बाटली काय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

माझा मुख्य आक्षेप साखरेवर आहे. एवढ्याशा बाटलीत सुमारे दहा ग्रॅम, म्हणजे दोन चहाचे चमचे भरून थोडी उरेल इतकी साखर असते. मधुमेही व्यक्तीने ती रोज पिण्याचे समर्थन मला करता येत नाही. निळ्या झाकणाच्या ‘लाइट’ प्रकारात साखर कमी आहे. घ्यायचेच असेल तर मी तोच सुचवेन, जरी त्याची चव किंचित फिकी वाटली तरी.

दही न आवडणाऱ्यांना, वसतिगृहात राहणाऱ्या आणि विरजण लावण्याची सोय नसलेल्या विद्यार्थ्यांना हे पेय अधूनमधून घेण्यास हरकत नाही. मात्र ते सतत दहा अंश सेल्सिअसखाली राहिलेले असावे. घरपोच सेवेकडून एकदा माझ्याकडे बाटल्यांचा संच भर उन्हाळ्यात कोमट अवस्थेत आला आणि तो मी परत केला. तेव्हापासून मी तो शीतकपाट चालू असलेल्या दुकानातूनच, तारीख पाहून घेतो.