मेंदूच्या मापनासाठी प्रकाशाची टोपी निवडताना

डोक्यावर घालून चालता-बोलता मेंदूची हालचाल टिपणारे उपकरण घ्यायचे ठरले की, तीन जातींची नावे समोर येतात: साधे एफनिर्स (जवळच्या अवरक्त प्रकाशाने मेंदूतील रक्ताचे बदल टिपणारी पद्धत), दाट जाळीची डिफ्यूज ऑप्टिकल टोमोग्राफी आणि टाइम-डोमेन एफनिर्स. तिघांच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच असून ते फ्रान्स यॉब्सिस यांनी 1977 मध्ये मांडले. साधारण 650 ते 950 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्वचा आणि कवटी ओलांडून मेंदूपर्यंत पोहोचतो. ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, पण 800 नॅनोमीटरच्या आसपास दोघांचे शोषण सारखेच होते. म्हणून त्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या तरंगलांबी वापरल्या जातात.

म्हणजे ही उपकरणे मोजतात ते रक्त. चेतापेशींची विद्युत-हालचाल नव्हे. उद्दीपनानंतर रक्तप्रवाहाचा प्रतिसाद शिखराला पोहोचण्यास पाच-सहा सेकंद लागतात, त्यामुळे ज्याचा प्रश्न मिलिसेकंदांचा आहे त्याने ईईजीकडेच (डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणाऱ्या चाचणीकडेच) वळावे. हिप्पोकॅम्पससारख्या (स्मृतीशी निगडित) खोल भागांत रस असलेल्याला एफएमआरआय (चुंबकीय यंत्राने मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्र घेणे) टाळता येणार नाही, कारण हा प्रकाश प्रौढांमध्ये कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागाच्या, बाहेरील थरापलीकडे उपयुक्त प्रमाणात जात नाही. तान्हे मूल, चालणारा रुग्ण किंवा समोरासमोर बसून बोलणारी दोन माणसे अभ्यासायची असतील, तर मात्र प्रकाशीय टोपीला तोडीचा पर्याय फार थोडा आहे.

साध्या एफनिर्समध्ये प्रकाशस्रोत आणि शोधक यांत सुमारे 3 सेंटीमीटर अंतर ठेवतात. उपकरण हलके आणि तुलनेने स्वस्त असते, बॅटरीवर चालते. मात्र प्रकाशाने ऊतींत नेमका किती लांबीचा मार्ग कापला हे ते मोजत नाही. ती लांबी गृहीत धरावी लागते, त्यामुळे हिमोग्लोबिनमधील बदल कळतो, निव्वळ पातळी कळत नाही. याहून मोठी अडचण डोक्याच्या त्वचेची आहे. प्रकाश जाताना आणि परतताना, असा दोनदा तिच्यातून जातो आणि मानसिक ताणाने तिथला रक्तप्रवाहही बदलतो; तो बदल मेंदूचा समजून लिहिलेले निष्कर्ष टिकत नाहीत. यासाठी स्रोतापासून सुमारे 8 मिलिमीटरवर असलेल्या जवळच्या चॅनलची (स्रोत-शोधक जोडीची) नोंद वजा करतात. ही सोय नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय रक्तदाबाची सुमारे 0.1 हर्ट्झची, म्हणजे दहा सेकंदांत एकदा येणारी, नैसर्गिक लय सर्व नोंदींत उतरते. पाच सेकंद काम आणि पाच सेकंद विश्रांती अशी आखणी नेमकी त्याच लयीवर बसते, आणि हा दोष कोणतेही यंत्र दुरुस्त करून देत नाही.

दाट जाळीच्या पद्धतीत एकाच जागेवरून वेगवेगळ्या अंतरांची, एकमेकांवर चढणारी मापने घेतली जातात आणि त्यांतून त्रिमितीय प्रतिमा रचली जाते. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जोसेफ कल्व्हर यांच्या गटाने 2014 मध्ये या पद्धतीने भाषाविषयक कामांतील मेंदूचे प्रतिसाद आणि विश्रांतीत एकत्र काम करणाऱ्या मेंदूच्या भागांची जाळी दाखवली. या पद्धतीच्या प्रतिमांचे तपशील एफएमआरआयच्या बरेच जवळ जातात. ते यंत्र मात्र प्रकाशतंतूंच्या जुड्यांनी जखडलेले होते. लंडनच्या गॉवरलॅब्स कंपनीने आणलेल्या लुमोसारख्या षटकोनी तुकड्यांच्या रचनेने हा अडसर बराच कमी केला, विशेषतः तान्ह्या मुलांसाठी. याचा खरा खर्च विश्लेषणात आहे: डोक्याचे योग्य प्रारूप आणि प्रत्येक स्रोताची अचूक जागा हाती नसेल, तर प्रतिमा देखणी दिसते आणि मेंदूच्या चुकीच्या घडीवर पडते.

टाइम-डोमेन पद्धतीत पिकोसेकंदांचे स्पंद सोडून प्रत्येक फोटॉन (प्रकाशकण) किती वेळाने परतला हे मोजतात. उशिरा परतलेले फोटॉन सरासरीने अधिक खोल गेलेले असल्याने त्वचा आणि मेंदू यांची फारकत करणे सोपे जाते, आणि निव्वळ पातळीचा अंदाजही मिळतो. 2021 मध्ये केर्नल कंपनीने फ्लो या नावाने असे शिरस्त्राण पुढे आणले. वजन, उष्णता आणि किंमत यांचा भार पाहता, निव्वळ पातळी हाच प्रश्न नसेल तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

(अलीकडच्या परिधेय मेग टोपीतही लेझर असतो, पण ती चुंबकीय क्षेत्र मोजते आणि तिला बाहेरची चुंबकीय क्षेत्रे अडवणारी खोली लागते, ती वेगळ्याच जातीची आहे.)

तिन्हींना समान अडथळा केसांचा आणि त्वचेच्या रंगाचा. दाट, काळे केस आणि त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश गिळतात, म्हणून विरळ केसांच्या डोक्यावरील प्रात्यक्षिकाला फारसा अर्थ नाही. आपल्या अभ्यासात येणाऱ्या डोक्यांवरच चाचणी मागावी, टोपी बसवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे आणि कच्च्या नोंदीत सुमारे 1 हर्ट्झचा नाडीचा ठोका दिसतो का ते तपासावे. तो दिसत नसेल तर शोधक त्वचेला नीट टेकलेला नाही किंवा प्रकाश पुरेसा परत येत नाही, आणि पडद्यावरचा रंगीत नकाशा त्या चॅनलपुरता निरर्थक आहे.